अंतराळ मोहिमेचा प्रस्ताव: प्रश्नापासून निवडीपर्यंतची वाट

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयाचे सभागृह आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुलामुलींनी भरून गेले होते. टाळ्यांचा कडकडाट ओसरल्यावर दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पुढचं यान कुठे पाठवायचं हे कोण ठरवतं? आणि आपल्याला काही सुचलं तर ते सांगायचं कोणाला?" मी भौतिकशास्त्र शिकवतो, परंतु या प्रश्नाचे नीट उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारले आणि विद्यार्थ्यांबरोबर करून पाहिले, ते या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने मांडत आहे.

पहिली पायरी: प्रश्न

"मंगळावर यान पाठवावे" हा प्रस्ताव होत नाही, ती इच्छा झाली. प्रस्तावाची सुरुवात अशा प्रश्नापासून होते, ज्याचे उत्तर आज कोणाकडे नाही आणि जे मिळवायला पृथ्वीवरून निरीक्षण करणे पुरेसे नाही. असा प्रश्न कसा दिसतो हे समजून घ्यायला विदर्भातल्या माणसाला लांब जायला नको; बुलडाणा जिल्ह्यातले लोणार पुरेसे आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, उल्कापाताने झालेले आहे. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेली आणि चांगली टिकून राहिलेली आघात-विवरे फार थोडी आहेत. चंद्रावरचे जे काळे डाग आपण पौर्णिमेला पाहतो, तेही बेसाल्टचेच असल्यामुळे लोणारचा दगड चंद्राच्या अभ्यासकांना जवळचा वाटतो. या विवराच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे निघाले, तर आरगॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. जे विवर आपण चालत जाऊन पाहू शकतो, ज्याचा दगड प्रयोगशाळेत तपासता येतो, त्याच्या वयात दहापटीचा फरक पडत असेल, तर चंद्रावरच्या हजारो विवरांची जी वये केवळ छायाचित्रांवरून आणि त्यांच्यावर पडलेल्या लहान विवरांच्या मोजदादीवरून काढलेली आहेत, त्यांच्यावर कितपत विसंबावे? चंद्रावरून दगडमातीचे नमुने परत आणण्यासाठी भारत सरकारने १८ सप्टेंबर २०२४ रोजी चंद्रयान-४ ला मंजुरी दिली, आणि अशा नमुन्यांचे मोल या प्रश्नावरून कळते. (लोणारला जाणाऱ्यांना एक विनंती: तो परिसर अभयारण्य आहे, तिथला दगड खिशात घालून आणू नये.)

दुसरी पायरी: आधी ठरलेले वाचून काढणे

आपला प्रश्न हाती आला की शास्त्रज्ञ-समाजाने आधीच कोणत्या प्रश्नांना अग्रक्रम दिला आहे ते पाहावे. अमेरिकेत ही पद्धत सर्वांत शिस्तीची आहे. तिथल्या राष्ट्रीय अकादमी दर दहा वर्षांनी शास्त्रज्ञांची मते मागवून एक मोठा अहवाल तयार करतात, त्याला दशवार्षिक सर्वेक्षण म्हणता येईल. २०२२ साली आलेल्या ग्रहविज्ञानाच्या अहवालाने मोठ्या मोहिमांमध्ये युरेनसभोवती फिरणाऱ्या आणि त्याच्या वातावरणात शोधक सोडणाऱ्या यानाला पहिला क्रमांक दिला. युरोपीय अंतराळ संस्थेने 'व्हॉयेज २०५०' या योजनेसाठी २०१९ मध्ये कल्पना मागवल्या, तेव्हा जवळपास शंभर टिपणे आली. पुढच्या दोन-तीन दशकांच्या मोठ्या मोहिमांचे विषय त्यांच्या आधारे २०२१ मध्ये ठरले. अशी टिपणे लिहायला यान किंवा उपकरण हाताशी लागत नाही, लागतो तो विचार आणि त्याला धरून केलेला अभ्यास.

आपल्याकडे इस्रो अंतराळविज्ञानासाठी सल्लागार समित्या नेमते, चर्चासत्रे होतात आणि त्यांतून विषय पुढे येतात. चंद्रयान-१ ची कल्पना १९९९ साली भारतीय विज्ञान अकादमीत आणि २००० साली 'अॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेच्या बैठकीत चर्चिली गेली, त्यानंतर तज्ज्ञांच्या कृतिगटाने तिची छाननी केली, १५ ऑगस्ट २००३ रोजी पंतप्रधानांनी घोषणा केली आणि यान २२ ऑक्टोबर २००८ रोजी उडाले.

तिसरी पायरी: चार रकान्यांचा तक्ता

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त थांबणार आहे, कारण बहुतेक प्रस्ताव इथेच पांगळे पडतात, आणि हे काम खेड्यातल्या विद्यार्थ्याला एक कागद आणि पेन्सिल घेऊन आजच करता येते. माझा स्वतःचा एक लहानसा संशोधन-प्रस्ताव काही वर्षांपूर्वी परत आला, तेव्हा परीक्षकाने एकच ओळ लिहिली होती: नेमके काय मोजणार आणि किती अचूक मोजणार, ते कळत नाही. वाईट वाटले, परंतु ते खरे होते.

कागदावर चार उभे रकाने आखावेत. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात त्याचे उत्तर मिळण्यासाठी जे मोजावे लागेल ते, तिसऱ्यात ते मोजणाऱ्या उपकरणाच्या गरजा आणि चौथ्यात त्या उपकरणामुळे यानावर येणारा भार. कोणत्याही रकान्यातली गोष्ट तिच्या डावीकडच्या गोष्टीतून निघाली पाहिजे. परीक्षक हा तक्ता उजवीकडून डावीकडे वाचतात आणि "हे कशासाठी?" असे विचारत जातात. जिथे उत्तर सापडत नाही, तिथे त्यांची पेन्सिल थांबते.

लोणारचेच उदाहरण पुढे नेऊ. प्रश्न असा धरा: चंद्रावरच्या लहान विवरांमध्ये आघाताचा तडाखा बसलेला बेसाल्ट कुठे आणि किती आहे? लोणारच्या दगडात प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज आघाताच्या दाबाने काचेसारख्या मॅस्केलिनाइटमध्ये बदललेले सापडते. प्लॅजिओक्लेज १.२५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा अवरक्त प्रकाश शोषते आणि तडाखा जसा जबर, तशी ही खूण फिकी होत जाते. तेव्हा दुसऱ्या रकान्यात येईल, परावर्तित अवरक्त प्रकाशाचा वर्णपट. तिसऱ्यात येईल, किती मायक्रॉनपासून किती मायक्रॉनपर्यंत आणि किती बारकाईने.

त्याच रकान्यात आणखी एक आकडा लागतो: जमिनीवरचा किती मोठा तुकडा चित्राच्या एका ठिपक्यात यावा? चंद्रयान-१ वर नासाचे जे खनिज-नकाशा उपकरण होते, त्याच्या नेहमीच्या पाहणीतला ठिपका १४० मीटरचा होता. लोणारएवढे विवर त्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जेमतेम तेरा ठिपक्यांत मावते. विवराचा काठ, उतार आणि तळ वेगळे ओळखायचे तर ठिपका बराच लहान हवा. ठिपका लहान केला की दुर्बिणीचा आरसा मोठा होतो, यान अधिक स्थिर राहावे लागते आणि पृथ्वीकडे पाठवायच्या माहितीचा साठा वाढतो, आणि या सगळ्याने चौथा रकाना भरतो. एका आकड्याने किलोग्रॅम, वॅट आणि रुपये कसे वाढत जातात, हे स्वतः लिहून पाहिल्याशिवाय समजत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे की प्रस्ताव शेवटी इंग्रजीतच पाठवावा लागणार असला, तरी हा तक्ता पहिल्यांदा मराठीत लिहावा. ज्या भाषेत आपण घरी भांडतो, त्या भाषेत तर्कातली फट लवकर दिसते.

चौथी पायरी: चमू आणि चालणारे उपकरण

एकट्याने मोहीम मांडता येत नाही. प्रस्तावाला एक प्रमुख संशोधक असतो, त्याच्याबरोबर सहसंशोधक, उपकरण बांधणारी संस्था, अभियंते आणि खर्चाचा हिशेब जाणणारी माणसे असतात. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल१ या यानावरची सात उपकरणे पाहिली तरी हे ध्यानात येते: सूर्याचा प्रभामंडल पाहणारे उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने, अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र-केंद्राने, तर सौरवाऱ्याचे कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने तयार केले. लहान गावातल्या प्राध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने अशा चमूत सहसंशोधक किंवा माहितीचे विश्लेषण करणारा म्हणून शिरणे हीच व्यवहार्य वाट आहे.

उपकरण कितपत तयार आहे हे सांगण्यासाठी १ ते ९ अशी तंत्रज्ञान-सज्जतेची मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे नुसते तत्त्व माहीत असणे आणि ९ म्हणजे अंतराळात यशस्वीपणे वापरलेले असणे. ६ व्या पातळीवर नमुना-उपकरण अंतराळासारख्या परिस्थितीत चालवून दाखवलेले असते, आणि नासाच्या मोहिमांत प्राथमिक आराखड्याच्या परीक्षेपर्यंत ही पातळी गाठलेली असावी अशी अपेक्षा असते.

टेबलावर चालते ते बाहेर चालेलच असे नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात पुरते अनुभवले. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी एक बल्ब, त्याच्यासमोर दोऱ्याने सरकणारा मणी आणि पलीकडे प्रकाश मोजणारा स्वस्तातला सेन्सर असा प्रयोग मांडला. सकाळी मणी सरकला की आलेखात स्वच्छ खळगा दिसे. दुपारी टिनाच्या छपराखाली खोली तापली की सेन्सरचे आकडे आपोआप सरकू लागत आणि मण्याचा खळगा त्यात बुडून जाई. मग त्यांनी सेन्सरला थर्मामीटर चिकटवला, दर मिनिटाला तापमान लिहून काढले आणि उष्णतेने पडणारा फरक वजा केला, तेव्हा दुपारच्या आलेखातही खळगा पुन्हा दिसू लागला. ती वही मी जपून ठेवली आहे, कारण खऱ्या मोहिमेचे परीक्षक नेमके हेच मागतात.

पाचवी पायरी: सूचना निघते आणि प्रस्ताव जातो

अंतराळ संस्था प्रस्ताव मागवणारी सूचना काढते. तिला सर्वत्र 'अनाउन्समेंट ऑफ ऑपॉर्च्युनिटी' किंवा नुसते 'एओ' म्हणतात. सूचनेत विषय, खर्चाची मर्यादा, मुदत आणि यानाची मापे दिलेली असतात. इस्रोने २०१७ साली शुक्र-मोहिमेसाठी भारतीय शास्त्रज्ञांकडून उपकरणांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा सगळ्या उपकरणांना मिळून सुमारे १७५ किलो वजन आणि ५०० वॅट वीज मिळण्याची शक्यता सांगितली होती. म्हणजे पूर्ण ग्रहाचा अभ्यास करायला एका मिक्सरइतकी वीज, आणि त्यात अनेकांची उपकरणे. चौथा रकाना आधीच भरलेला असेल, तर आपण या मापात बसतो की नाही ते एका संध्याकाळी कळते.

सूचना शेवटच्या अटीपर्यंत वाचावी. पुष्कळ ठिकाणी मुख्य प्रस्तावाआधी इरादापत्र पाठवावे लागते, त्याची मुदत वेगळी असते आणि ते चुकले की दार बंद होते. पानांची मर्यादा ओलांडलेली पाने परीक्षक वाचत नाहीत. आपल्याकडे वादळवाऱ्याने वीज आणि नेट दोन्ही कधी जातील याचा भरवसा नसतो, त्यामुळे मुदतीच्या दोन दिवस आधी प्रस्ताव चढवून पोच घ्यावी.

सहावी पायरी: परीक्षण

नासाच्या 'डिस्कव्हरी' या तुलनेने कमी खर्चाच्या मोहिमांचे परीक्षण उघड नियमांनी होते, म्हणून शिकायला ते चांगले. एक मंडळ विज्ञानाचे मोल आणि उपकरणातून ते विज्ञान खरोखर साधेल का हे तपासते. दुसरे मंडळ तंत्र, व्यवस्थापन आणि खर्च पाहून जोखीम कमी, मध्यम की जास्त ते ठरवते. प्रत्येक मुद्दा मोठे बलस्थान, लहान बलस्थान, मोठा दोष किंवा लहान दोष म्हणून नोंदला जातो. प्रस्ताव देणाऱ्या चमूशी हितसंबंध असलेल्या माणसाला परीक्षक म्हणून बसू देत नाहीत.

यानंतर मोजक्यांना पुढच्या अभ्यासासाठी पैसे मिळतात. २०१९ च्या सूचनेनंतर फेब्रुवारी २०२० मध्ये चार प्रस्ताव निवडले गेले आणि प्रत्येकाला आराखडा पक्का करायला ३० लाख डॉलर मिळाले. जून २०२१ मध्ये त्यांतले दोन, 'दाविंची' आणि 'व्हेरिटास', हे दोन्ही शुक्राकडे जाणारे, अंतिम ठरले. गुरूचा उपग्रह आयो आणि नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन यांचे प्रस्ताव मागे राहिले. वरच्या पातळीवरचा अधिकारी परीक्षकांचे गुण पाहतो, त्याचबरोबर वर्षाचा निधी आणि इतर मोहिमांशी असलेला समतोलही पाहतो, म्हणून उत्तम गुण मिळूनही निवड न होणे हा अन्याय समजू नये.

सातवी पायरी: नकार

विल्यम बोरुकी या नासाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे पृथ्वीएवढे ग्रह, आमच्या मण्याच्या प्रयोगासारख्याच रीतीने, प्रकाशातल्या घटीवरून शोधावेत असा त्यांचा प्रस्ताव होता. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर प्रकाश दहा लाखांत ८४ भागांनी घटतो. दहा क्विंटल कापूस काट्यावर ठेवला आणि त्यातून ८४ ग्रॅम, म्हणजे ओंजळभर, काढला, तर तो फरक काट्याने दाखवला पाहिजे, इतके हे मोजमाप नाजूक आहे.

१९९२ साली उत्तर आले की एवढे अचूक संवेदक अस्तित्वात नाहीत. चमूने संवेदक प्रयोगशाळेत तपासून दाखवले. १९९४ साली खर्च फार होईल म्हणून नकार मिळाला. त्यांनी कक्षा आणि आराखडा बदलून खर्च खाली आणला. १९९६ साली विचारले गेले की हजारो ताऱ्यांचा प्रकाश एकाच वेळी आपोआप मोजता येतो हे कोणी दाखवले आहे? त्यांनी लिक वेधशाळेत दुर्बीण उभारून ते करून दाखवले. १९९८ साली शंका आली की यानाच्या थरथरीत आणि गोंगाटात ही अचूकता टिकेल का? त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम तारे आणि यानासारखी थरथर निर्माण करून उत्तर दिले. पाचव्या वेळी, डिसेंबर २००१ मध्ये, निवड झाली. ७ मार्च २००९ रोजी केप्लर दुर्बीण उडाली आणि २०१८ मध्ये थांबेपर्यंत तिच्या निरीक्षणांतून २,६०० हून अधिक ग्रह सापडले.

नकाराचे पत्र आले की परीक्षकांच्या दोषांची यादी समोर ठेवून प्रत्येक दोषासमोर एक प्रयोग, एक गणित किंवा एक नवा सहकारी लिहावा. युरोपच्या 'थिसिअस' या प्रस्तावाला २०२१ मध्ये शुक्राकडे जाणाऱ्या 'एनव्हिजन'ने मागे टाकले, आणि तोच प्रस्ताव पुढच्या फेरीत २०२३ मध्ये अंतिम तिघांत परत आला.

निवडीनंतर

निवड झाली म्हणजे उड्डाण नक्की झाले असे नाही. आदित्यची मूळ कल्पना २००८ ची, ४०० किलोच्या उपग्रहाची, एका उपकरणाची आणि पृथ्वीपासून ८०० किलोमीटरवरच्या कक्षेची होती. सूर्य पृथ्वीआड न जाता सतत दिसावा म्हणून पुढे ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटर दूरच्या एल१ या बिंदूकडे वळली, उपकरणे सात झाली आणि उड्डाण २ सप्टेंबर २०२३ ला झाले. भारतात मोठ्या मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागते. २०१७ साली ज्या शुक्र-मोहिमेसाठी प्रस्ताव मागवले, तिला १,२३६ कोटी रुपयांची मंजुरी सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली. निवड झालेल्या 'व्हेरिटास'चे काम तर २०२२ मध्ये काही वर्षांनी लांबवले गेले.

आज, आपल्या गावातून

नववीतल्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' हा कार्यक्रम आहे आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'स्टार्ट' हा प्रशिक्षणवर्ग. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना इस्रोच्या 'रिस्पॉन्ड' योजनेतून संशोधनाला निधी मागता येतो, आणि पुण्याची आयुका विद्यापीठांतल्या व महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठीच उभी राहिलेली असल्यामुळे तिथली दारे ठोठावायला संकोच करू नये. अॅस्ट्रोसॅट या आपल्या अंतराळ-वेधशाळेने जमवलेली माहिती ठराविक काळानंतर सर्वांसाठी खुली होते, आणि चंद्रयान-२ ची माहिती 'प्रदान' या संकेतस्थळावरून नोंदणी करून उतरवून घेता येते. चमूत शिरण्याचा रस्ता इथून जातो, कारण खुल्या माहितीवर नेटके काम केलेल्या विद्यार्थ्याला प्रमुख संशोधक स्वतःहून विचारतो.

सुरुवात करायची असेल, तर चंद्राच्या नकाशावर काळ्या भागातले दोन किलोमीटरच्या आतले एखादे विवर निवडावे, त्याच्या वर्णपटाची खुली माहिती मिळवावी आणि चार रकान्यांचा तक्ता लिहायला घ्यावा. २०२३ च्या त्या संध्याकाळी प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी सध्या तेच करते आहे. सुट्टीत गावी, सोयाबीनच्या पोत्यांना टेकून तिने लिहिलेल्या तक्त्यातले पहिले दोन रकाने पक्के आहेत, आणि ठिपका १४० मीटरचा ठेवायचा की ७० मीटरचा, यावर आमचा दोघांचा वाद अजून चालू आहे.